नववीच्या मुलांसाठी चित्रकलेचे प्रकल्प, कागदावरचे आणि कॉम्प्युटरवरचे: तुम्ही काय करून घेता?

रंगपेटी

नमस्कार मंडळी. मी चोपड्याकडच्या एका हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवते, आठवी ते दहावी. यंदा वरून फर्मान आलंय की स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात "डिजिटल आर्ट" दिसलंच पाहिजे. संगणक कक्ष आहे, यंत्रं जुनी आहेत, पेन टॅबलेट एकही नाही. आठवड्याला तास दोन. त्यातला एक एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांच्या सरावात जातो हे इथल्या कलाशिक्षकांना सांगायला नको.

यंत्रांचं मी बघेन कसंतरी. खरी पंचाईत वेगळी आहे. मुलांना कॉम्प्युटरसमोर बसवलं की नेटवरून चित्र उतरवतात, रंगाचा डबा ओततात आणि "मॅडम, झालं" म्हणतात. कागदावर बसवलं तर तेच दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी आणि काठावर नारळाचं झाड. अहो, खिडकीतून सातपुडा दिसतो, शाळेच्या कंपाउंडला लागून केळीचा बाग आहे, आणि कागदावर कोकण कुठून आलं?

मला असे प्रकल्प हवेत ज्यात हात आणि यंत्र दोघांनाही खरोखर काम असेल. "चित्र काढा आणि स्कॅन करा" हे नको. स्वतः करून घेतलेलं असेल ते सांगा. चुकलेलं असेल तर कुठे चुकतं तेही सांगा.

खडूफळा

मॅडम, आधी अभिनंदन की तुमच्या शाळेत कलाशिक्षक आहे! आमच्याकडे चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांचा जादा तास. जे आहेत त्यांना निवडणूक, जनगणना, पोषण आहार. असो, रडगाणं बंद करतो, इथे जाणकार बरेच आहेत.

उधना_डिझायनर

मी मूळचा शिंदखेड्याकडचा. आता सुरतेला उधन्यात साडी आणि ड्रेस मटेरियलच्या डिझाइनचं काम करतो. सुरतेत आपले खान्देशी लोक किती आहेत ते सर्वांना माहीत आहे. त्यातले बहुतेक लूमवर नाहीतर प्रोसेस हाऊसला. डिझाइनच्या टेबलावर मात्र आपली पोरं कमी दिसतात, म्हणून जरा लांबण लावतो.

मॅडम, "रिपीट" शिकवा. कपड्यावरचं डिझाइन म्हणजे एक छोटा चौकोन, जो चारही बाजूंनी स्वतःलाच बेमालूम जोडला जातो. हे आधी कागद-कात्रीनेच शिकावं, कॉम्प्युटर नंतर.

पाच-सहा इंचांचा चौकोनी कागद घ्या. मधोमध बुटी काढायला लावा, काहीही, कपाशीचं फूल, केळफूल, करडईचं बोंड. अट एकच, कागदाच्या कडेला रेघ लागता कामा नये. मग कागद उभा मधोमध कापायचा आणि डावी-उजवी बाजू अदलाबदल करून मागून चिकटपट्टी लावायची. आता बुटीचे अर्धे तुकडे दोन्ही कडांना गेले आणि मधली जागा मोकळी झाली. ती भरायची. मग आडवा कापायचा, वरचा तुकडा खाली, खालचा वर, पुन्हा मोकळी जागा भरायची. झाला रिपीट. याच्या झेरॉक्स काढून शेजारीशेजारी लावल्या की जोड सापडत नाही. पोरांचे चेहरे बघा त्या वेळी.

इथे चुकतं ते असं: पोरं जागा भरताना भीत-भीत एखादं पान टाकतात. मग वीस तुकडे जोडले की मोकळ्या जागांचे आडवे-उभे पट्टे उठून दिसतात. एका तुकड्यात जे दिसत नाही ते वीस तुकड्यांत ओरडून दिसतं. त्यावर आमच्या धंद्यातला इलाज म्हणजे हाफ ड्रॉप, पुढची प्रत्येक उभी ओळ अर्ध्या तुकड्याने खाली सरकवायची. नजर पट्टे पकडत नाही.

आता कॉम्प्युटर कुठे लागतो? एक, हाच तुकडा क्रिता या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून डब्ल्यू दाबलं की तो चारही बाजूंनी पसरलेला दिसतो आणि त्यावर काढता येतं, एका ठिकाणी रेघ मारली की सगळीकडे उमटते. दोन, रंग बदलणं. आमच्याकडे एकाच डिझाइनच्या चार-सहा रंगसंगती कराव्या लागतात, त्याला बाजारात "मॅचिंग" म्हणतात. हाताने सहा वेळा रंगवत बसाल तर पोरं पळून जातील. यंत्रावर दहा मिनिटांचं काम.

आणि तीन, सगळ्यात महत्त्वाचं, लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे थर. पोरांना लेअर हे पाठ करून समजत नाही. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाची जाळी वेगळी असते, म्हणून डिझाइनही रंगागणिक वेगळं काढावं लागतं. तीन रंग म्हणजे तीन जाळ्या म्हणजे तीन लेअर. तीनच रंगांची सक्ती करा. डिजिटल प्रिंट आल्यापासून रंगांची मर्यादा राहिली नाही हे खरं, पण शिकताना ती असलेली बरी. मग त्याच तीन लेअरच्या स्टेन्सिल कापून मांजरपाटाच्या पिशवीवर छापून घ्या. कोपऱ्यात अधिकचं चिन्ह ठेवलं नाही तर दुसरा रंग सरकतो, आणि एकदा सरकला की पोरांना लेअर जन्मभर लक्षात राहतो.

रंगपेटी

दादा, हे फार कामाचं आहे. संकल्पचित्राच्या पेपरलाही याचा उपयोग होईल, तिथे मुलं आकार नुसते ओळीत मांडून ठेवतात. क्रिता आमच्या यंत्रांवर चालेल का?

पिक्सेलपाटील

जुन्या यंत्रावर क्रिता दमतं हो मॅडम. इंकस्केप त्यापेक्षा बरं चालतं. दोन्ही फुकट आहेत, पायरेटेड कोरेल टाकायची गरज नाही (गावात प्रत्येक फ्लेक्सवाल्याकडे तेच असतं, पण शाळेत नको).

इंकस्केपमध्ये "ट्रेस बिटमॅप" आहे. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने ठळक चित्र काढायचं, दिवसाउजेडी सावली न पाडता मोबाइलने फोटो घ्यायचा आणि ट्रेस करायचं. फोटोतले ठिपके जाऊन रेषेचा आकार होतो, मग तो तिकिटाएवढा करा नाहीतर शाळेच्या भिंतीएवढा, फाटत नाही. पेन्सिलीच्या फिक्या चित्राचा मात्र ट्रेस घाण येतो. म्हणजे यंत्रासाठीच आधी हाताने ठाम रेघ मारावी लागते. तुमची "हाताला काम" ही अट तिथेच पुरी होते.

आणि एक मत. पेन टॅबलेट नसला तरी पोरांच्या घरी मोबाइल आहे, आणि जलरंगाची बरी पेटी, ब्रश, हँडमेड कागद यांचा खर्च बघा. ज्याच्या घरी रंग नाहीत त्याच्या घरी मोबाइल असतो हे आजचं वास्तव आहे. आयबिस पेंट या मोबाइल अ‍ॅपवर बोटाने चित्र काढणारी पोरं मी चाळीसगाव-पाचोऱ्यात पाहिली आहेत, अफाट काढतात. "आधी हात, मग यंत्र" हा क्रम सगळ्यांवर लादू नका.

तापीकाठ

पाटीलसाहेब, रंग महाग असतात हे मान्य. पण रंग विकतच घ्यावेत असं कुठे आहे? मी निवृत्त कलाशिक्षक आहे, भुसावळचा. आमच्या हाताशी अजिंठा आहे, जळगावहून साठेक किलोमीटर, आणि तिथली भिंत बघा, रंग मोजकेच. तांबडी माती, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा. निळा तेवढा लांबून आणलेल्या लाजवर्दाचा, तो दगड आपल्याकडचा नाही. एवढ्याशा सामानावर पद्मपाणी उभा आहे.

नववीच्या मुलांकडून मी हे करून घेत असे. गेरू आणि पिवडी किराणा-पूजेच्या दुकानात मिळते. काजळी घरी दिव्यावर वाटी धरून. पांढऱ्याला खडूची पूड. बांधायला बाभळीचा डिंक, आपल्या बांधावर त्याची कमी नाही. डिंक रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचा, फडक्यातून गाळायचा. रंगाची पूड काचेवर थोड्या पाण्यात घोटायची, मग तेवढंच डिंकाचं पाणी आणि मधाचा थेंब घालून पुन्हा घोटायची. मधाने रंग वाळल्यावर तडकत नाही. लवंगेचं तेल दोन थेंब टाकलं तर बुरशी येत नाही. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर चकाकतो आणि पापुद्रे निघतात. मुलं स्वतःच प्रमाण शोधतात, सांगावं लागत नाही. घोटणं मात्र कंटाळवाणं आहे. अर्धा वर्ग तिथेच कुरकुरतो.

आता डिजिटलचं. त्या रंगांच्या पट्ट्या करून शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून फोटो काढायला लावा. एकदा खिडकीत, एकदा ट्यूबलाइटखाली, एकदा पिवळ्या बल्बखाली. तोच गेरू तीन रंगांचा दिसतो. मग शेजारचा कागद पांढरा दिसेपर्यंत फोटो दुरुस्त करायचा आणि त्यातून रंग उचलून कॉम्प्युटरवर आपली रंगपाटी तयार करायची. पुढचं वर्षभराचं डिजिटल काम फक्त त्या पाटीतल्या रंगांत. नेटवरून उचललेल्या चित्राचे भडक निळे-गुलाबी रंग आपोआप बाद होतात.

आणि अजिंठ्याची सहल काढणार असाल तर निघण्यापूर्वी वर्गात मेजर रॉबर्ट गिलची गोष्ट सांगा. 1844 पासून त्याने तिथली चित्रं उतरवून काढली, कितीतरी वर्षं. त्या नकला लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या होत्या, 1866 च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी 1872 ते 1885 पुन्हा नकला केल्या, त्यातल्याही पुष्कळशा लंडनमधल्या दुसऱ्या आगीत गेल्या. गिल 1879 मध्ये वारला, त्याची कबर आमच्या भुसावळला आहे. भुसावळच्या मुलांना हे ठाऊक नसतं.

पिक्सेलपाटील

सर, दोनदा आग? आणि आमची पोरं फाइल डेस्कटॉपवर सेव्ह करतात आणि पुढच्या तासाला दुसरा वर्ग येऊन ती उडवतो. बॅकअप शिकवायला यापेक्षा भारी उदाहरण नाही. हे मी ढापणार.

(रंगांचं म्हणणं मान्य. पण काचेवर घोटत बसायला दोन तासांच्या आठवड्यात वेळ कुठला?)

तापीकाठ

रविवारी. मुलं येतात. त्यांच्या बरोबरीने आपण गेलो तर येतात.

कापूसकाडी

मी शेतकरी, पोरगी नववीत आहे म्हणून धागा वाचतोय. रंगाचं निघालं म्हणून सांगतो, कोळसा विकत घेऊ नका. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, वेचणी झाल्यावर बांधावर पडलेली असते. पेन्सिलीएवढ्या सरळ काड्या निवडा, साल काढा, वीतभर कापा. झाकणाच्या डब्यात गच्च भरा, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडा आणि डबा चुलीत ठेवा. भोकातून धूर यायचा थांबला की बाहेर काढा आणि थंड होईपर्यंत झाकण उघडू नका, उघडलं की आत हवा जाऊन काड्या पेटतात आणि राख होते. आमच्या पोरीने असं करून वर्गात वाटल्या. कोळशाने काढलेलं चित्र बोटाने पसरतं म्हणून तिला सावल्या जमायला लागल्या, पेन्सिलीने नुसत्या रेघोट्या यायच्या.

केळीच्या पानाचा जाड दांडा आडवा कापा आणि शाईत बुडवून ठसा घ्या, आत जाळी असते, चंद्रकोरीत जाळी उमटते. पोरीने वहीचं पुठ्ठं त्यानेच छापलं. पण शाळेचा शर्ट घालून करू नका, केळीचं पाणी कपड्यावरून निघत नाही. घरचे ओरडतात.

भरीतपार्टी

कशाचाबी ठसा घ्या भो, फक्त वांग्याचा नका घेऊ. वांग्याचं भरीत करा. 😄

रंगपेटी

कापूसकाडी दादा, पऱ्हाटीच्या कोळशाचं उद्याच करते! आणि भरीतपार्टी, प्रदर्शनाच्या दिवशी तुम्हाला स्टॉल देऊ.

डोंगरपाडा

मी नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणीकडे आश्रमशाळेत आहे. इथे वीज आणि नेटवर्क दोन्ही पाहुण्यासारखे येतात, त्यामुळे डिजिटल म्हणजे माझा एक मोबाइल. पण मला वेगळंच बोलायचं आहे.

"पारंपरिक कला" म्हटलं की महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर वारली येते. आमच्या आश्रमशाळेच्या भिंतीवरही होती. वारली चित्रं पालघर, डहाणू, जव्हारकडची. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली, पद्मश्री मिळाली, सगळं आदराचं. पण माझ्या वर्गात भिल्ल आणि पावरा मुलं. त्यांच्या घरी वारली कोणी काढत नाही. मुलं तारपा, म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य, काढायची, आणि तारपा त्यांनी कधी पाहिलेलाही नव्हता.

मी त्यांना होळी काढायला सांगितली. सातपुड्यातली होळी म्हणजे काय ते ज्यांनी काठी गावची राजवाडी होळी पाहिली असेल त्यांना माहीत आहे. बुध्या होतात लोक, अंगभर पांढरे ठिपके, कमरेला सुके भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा टोप. मुलांना यातला एक एक बारकावा ठाऊक. भोपळा कोणता मोठा, घुंगरू कुठे, ठिपके कसे बसतात. जो मुलगा "सर, मला येत नाही" म्हणून वही लपवायचा त्याने पूर्ण पानभर बुध्या काढला, आणि शेजारच्याला सांगत होता की तुझा टोप चुकलाय.

त्या चित्रांचे फोटो काढून मी मोबाइलवर प्रत्येकाचा बुध्या वेगळा कापला आणि सगळे एका काळ्या पार्श्वभूमीवर गोलात मांडले, मधे होळीचा दांडा. कोणाला कुठे उभं करायचं ते मुलांनी ठरवलं. एवढंच डिजिटल. पण त्यांच्यातल्या प्रत्येकाने आपला माणूस गर्दीत शोधला.

एक सांभाळा. पिठोऱ्याचे घोडे वगैरे नेटवर पाहून वर्गात काढायला लावू नका. ते नवसाचं चित्र आहे, घरात विधीने काढतात, काढणारे ठरलेले असतात. बायकांनी ते घोडे काढायचे नाहीत अशीही रीत. झाबुआकडच्या भूरीबाई भोपाळला भारत भवनच्या बांधकामावर मजुरीला गेल्या, तिथे चित्रकार जे. स्वामिनाथनांनी त्यांना कागद-रंग दिले तेव्हा त्यांनी आपल्या भोवतालची झाडं, मोर, माणसं काढली. 2021 ला पद्मश्री झाल्या. पोरींना मी हे आवर्जून सांगतो. आधी गावातल्या जाणत्यांना विचारा, कोणतं चित्र वहीत आलेलं चालेल आणि कोणतं नाही. ते नीट सांगतात.

खडूफळा

सर, थोडा विरोध नोंदवतो. वारली आम्ही घेतो कारण दोन त्रिकोण जोडले की माणूस होतो. ज्याला काहीच येत नाही त्यालाही तासाभरात चित्र मिळतं. भिंत भरते, अधिकारी खूश. सगळ्यांनी आपापल्या गावचंच काढायचं तर इतरांची कला मुलांनी कधी बघायची?

डोंगरपाडा

बघावी की, जरूर बघावी. वारली लग्नाचा चौक का काढतात, त्यात पालघट देवी कोण, कोण बायका काढतात, हे सांगून एक तास द्या. माझा आक्षेप दोन त्रिकोणांना आहे. त्रिकोण म्हणजे वारली असं शिकवलं तर मुलाला ना वारली कळते ना स्वतःचं काही. आणि अधिकाऱ्यांना बुध्याही आवडला, काळजी करू नका.

गोंदण

मी शिक्षिका नाही, धुळ्याला डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, कानबाईच्या (खान्देशातली श्रावणातली देवी) आमंत्रणाची कार्डं, असं सगळं. डोंगरपाडा सरांचं वाचून सुचलं ते लिहिते. माझ्या आजीच्या हातावर कोपरापर्यंत गोंदलेलं होतं, हनुवटीवर ठिपके. तुळस, विंचू, आणि एक चौकटीची नक्षी जिला ती सीतेची रसोई म्हणायची. गावात आता गोंदलेल्या म्हाताऱ्या थोड्याच राहिल्या. मुलींना आपापल्या आज्यांकडे पाठवा, हात मांडीवर घेऊन बघून काढायला सांगा. फोटोवरून नको, कातडी सुरकुतलेली असते, फोटोत ठिपके ओळीत दिसत नाहीत. बघून काढताना मुलीला विचारावं लागतं, "आजी, हे काय आहे? कधी गोंदलं? दुखलं का?" आणि आजी सांगत बसते. आमनी माय तर पूर्ण दुपार सांगत बसस.

नंतर ठिपक्यांची नक्षी कॉम्प्युटरवर आलेख कागदासारखी जाळी लावून पुन्हा बांधायची. तेव्हा कळतं की ती नुसती हौस नाही, ठिपक्यांचा हिशेब पक्का आहे, एक इकडचा तिकडे झाला तर विंचू होत नाही. रांगोळी काढणाऱ्या मुलींना हे पटकन जमतं. नक्षीखाली आजीचं नाव आणि गाव लिहायचं, तिला विचारून. मी असली एक नक्षी पत्रिकेच्या कडेला वापरली तर गिऱ्हाइकाने विचारलं, हे डिझाइन कोणत्या साइटवरून घेतलं!

उधना_डिझायनर

ताई, हे सुरतेत विकलं जाईल. खरं सांगतो. फक्त फुकट देऊ नका.

बोरूबहाद्दर

अक्षरांकडे कोणी वळलं नाही म्हणून मी. बाजारपेठेत अजून पेंटरच्या हाताने रंगवलेल्या पाट्या सापडतात, खाली कोपऱ्यात पेंटरची सही. फ्लेक्सने बहुतेक गिळल्या. मुलांना चार-पाच पाट्यांचे समोरून सरळ फोटो काढायला लावा आणि एकच अक्षर, समजा "क", प्रत्येक पाटीवरून उतरवायला लावा. किती तऱ्हेचा क असतो ते दिसतं.

मग बोरू. नदीकाठचा बरू कापून करा. देवनागरीच्या बोरूचा काप रोमनच्या कटनिबपेक्षा उलट्या बाजूला तिरका असतो. दुकानातली कटनिब तशीच वापरली तर जाड रेघ जिथे बारीक हवी तिथे पडते, मुलं म्हणतात आमचं अक्षर वाईट. धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिरात जुनी हस्तलिखितं आहेत, शाळेने रीतसर पत्र देऊन एकदा मुलांना नेऊन दाखवा. बोरूने काढलेलं अक्षर ट्रेस करून स्वतःच्या घराच्या नावाची पाटी करायची. दुकानाची पाटी केली तर दुकानदार छापूनही घेतो, आमच्याकडे एका चहावाल्याने लावली आहे.

जागरूक_पालक

चर्चा छान चालू आहे पण एक सरळ प्रश्न. या सगळ्याने मुलाला दहावीला मार्क मिळतात का? इंटरमिजिएटची ए ग्रेड म्हणजे 7, बी 5, सी 3, तेवढं मला कळतं. हे पिशव्या आणि बुध्या कशात धरणार? आणि दुसरं, आता तर एआयला सांगितलं की चित्र तयार. मग हाताने कशाला?

रंगपेटी

दादा, मार्क यातून थेट मिळत नाहीत. ग्रेडसाठी वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन हेच चार पेपर. पण रिपीट करणारी मुलगी संकल्पचित्रात अडत नाही, बोरू धरलेला मुलगा अक्षरलेखनात वेळ घालवत नाही, आणि ज्याने बुध्या आठवून काढला त्याला स्मरणचित्रात "बाजाराचं दृश्य" आलं तर नारळाचं झाड लागत नाही.

एआयचं कोणी सांगा, मलाही हवं आहे. गेल्या महिन्यात एका मुलाने असं तेलरंगातलं चित्र जमा केलं की मीच बघत राहिले. त्याला विचारलं हा रंग कसा मिसळला, तर म्हणे "मॅडम, आपोआप झाला."

पिक्सेलपाटील

त्यावर उपाय सोपा आहे, भांडण नको. आयबिस पेंट चित्र काढतानाचा व्हिडिओ स्वतःच साठवतं, क्रितातही तशी सोय आहे. नियम करा: अंतिम चित्र, लेअरसकट मूळ फाइल आणि काढतानाचा व्हिडिओ. कागदावरच्या कामाला कच्च्या रेखाटनाचे फोटो. मार्क निम्मे या कच्च्या मालाला. एआयने केलेल्या चित्राला कच्चा माल नसतो. बंदी घालत बसू नका, उलट एकदा वर्गातच त्याला "खान्देशातली कानबाई" काढायला सांगा. जे येईल त्यात काय काय चुकलंय त्याची यादी मुलांकडून करून घ्या. घरी कानबाईचे रोट खाल्लेली पोरं चुका धडाधड सांगतात.

आणि माझा प्रकल्प राहिलाच: स्टॉप मोशन, म्हणजे वस्तू जराजरा हलवत एकेक फोटो काढून केलेली फिल्म. गुलाबाईच्या, म्हणजे मुलींच्या गाण्यांच्या सणाच्या, दिवसांत घ्या, भादव्याच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत. मुलींना गाणी येतातच. गुलाबाई-गुलोजी मातीचे करायचे आणि एका गाण्याच्या दोन ओळींवर हलवायचे. सेकंदाला बारा फोटो धरले तर दहा सेकंदांना 120 फोटो होतात, हा हिशेब आधी फळ्यावर करा नाहीतर पोरं पाच मिनिटांची फिल्म ठरवून बसतात. आपली काळी माती यात चालत नाही. ती वाळताना तडकते, दुपारपर्यंत गुलोजीचा हात खाली. आत तार आणि वर तेलात मळलेल्या मैद्या-मिठाचा गोळा, किंवा दुकानातली न वाळणारी क्ले. मोबाइल विटांच्या मधे घट्ट बसवा आणि खिडक्या बंद करून एकच दिवा ठेवा, ढग आला-गेला की फिल्म लुकलुकते.

तापीकाठ

टेबलावर मांडून फोटो काढण्याचं निघालं आणि चाळीसगावच्या केकी मूस यांचं नाव कोणीच घेतलं नाही? 1912 चा जन्म, 1989 ला गेले. उभं आयुष्य स्टेशनजवळच्या एका बंगल्यात, बाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. टेबलावर लहान-लहान वस्तू मांडून, उजेड टाकून त्यांनी अशी दृश्यं टिपली की बघणाऱ्याला खरा निसर्ग वाटावा. टेबलटॉप फोटोग्राफी. फोटोशॉप जन्मायच्या कितीतरी आधी. पाटीलसाहेब, तुम्ही चाळीसगावची पोरं पाहिली म्हणता, त्यांना तो बंगला दाखवा. मग वर्गात एक टेबल, काळा कागद, दोन टॉर्च, गव्हाचं पीठ आणि दगडगोटे. पीठ बारीक चाळणीतून पाडलं की धुकं. मोबाइल टेबलाच्या कडेला टेकवून अगदी खालून फोटो. वरून काढला की टेबल दिसतं आणि मजा जाते. दुरुस्ती करायची नाही, एकही. जे हवं ते मांडणीत आणि उजेडात करायचं.

पिक्सेलपाटील

सर, दंडवत. तुमचा वर्ग सोडून मी का शिकलो कॉम्प्युटर!

रंगपेटी

मंडळी, सगळं एका वर्षात मावणार नाही. नववीला रिपीट आणि पिशव्या घेते, कारण त्याला आमची जुनी यंत्रं पुरतात. आठवीला पऱ्हाटीचा कोळसा आणि मातीचे रंग, रविवारी. दहावीला काही नाही, त्यांना परीक्षेपर्यंत सोडा. गोंदणाचं मुलींना विचारते, ज्यांना हवं त्या करतील.

उधना दादा, शेवटचं सांगा: स्टेन्सिल कशाच्या कापायच्या? पुठ्ठा दोन पिशव्यांत भिजून वाकतो. आणि रंग कोणता, धुतल्यावर जाणार नाही असा?

उधना_डिझायनर

जुन्या एक्स-रे फिल्म. प्रत्येक घरात कपाटावर पडलेल्या असतात, पोरांना आणायला सांगा. त्यावरचं नाव असलेली पट्टी कापून टाका. ब्लेडऐवजी कटर द्या आणि खाली जाड काच किंवा फरशी. बुटीत आतला तुकडा सुटा होत असेल तर त्याला पूल ठेवा, नाहीतर कापताना फुलाचं मधलं बोंडच गळून पडतं.

रंग फॅब्रिक कलर, अ‍ॅक्रिलिक नको, कापड कडक होतं. रंग घट्टच ठेवा, पाणी घातलं की फिल्मखाली शिरतो. ब्रशने ओढू नका, स्पंजचा तुकडा घेऊन टिपत जा. पिशव्या छापायच्या आधी एकदा धुवून वाळवा, मांजरपाटाला खळ असते, तिच्यावर रंग धरत नाही. छापून दिवसभर वाळवा आणि मग उलट बाजूने गरम इस्त्री फिरवा.

मॅचिंग ठरवताना अडलं तर फोटो इथेच टाका. पोरांनीच ठरवलेले तीन रंग पाठवा, तुम्ही दुरुस्त केलेले नको.

भरीतपार्टी

एक पिशवी मनासाठी ठेवज्या मॅडम. वांगे आणाले.